नळी जागेपणी काढायची की गाढ भुलेत?

पूर्ण भूल देऊन ऑपरेशन झालं की श्वासनलिकेतली नळी केव्हा काढायची, याची दोन उत्तरं आहेत. एक, पेशंट नीट जागा झाल्यावर. दुसरं, तो अजून गाढ भुलेत असताना. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना यातलं काही दिसत नाही. एक पेशंट खोकत, कण्हत बाहेर येतो, दुसरा शांत झोपलेला. मग शांत आलेल्याला 'भूल चांगली बसली' आणि खोकणाऱ्याला 'काहीतरी बिघडलं' असं ठरवून मोकळे होतात. पुष्कळदा खोकणाराच जास्त सुरक्षित असतो.

जागेपणी काढायची तर भुलेचा गॅस बंद करून शंभर टक्के ऑक्सिजन लावतात. घशातली लाळ-रक्त सक्शननं ओढून घ्यायचं ते पेशंट गाढ असतानाच. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा उतारा म्हणून निओस्टिग्मिन आणि ग्लायकोपायरोलेट देतात, किंवा परवडत असेल तर सुगामाडेक्स. मान पाच सेकंद उचलून धरली म्हणजे ताकद आली, असं आम्ही भूलतज्ज्ञ वर्षानुवर्षं धरून चाललो, पण तेवढ्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. मनगटाजवळच्या मज्जातंतूला यंत्रानं ओळीनं विजेचे चार हलके झटके देऊन स्नायू किती हलतो ते बघतात. चौथ्या झटक्याला स्नायूची हालचाल पहिल्या वेळच्या किमान 90 टक्के असावी लागते. मग हाक: 'मामा, डोळे उघडा. माझा हात दाबा.' मामांनी दाबला की नळी घट्ट बसवणाऱ्या फुग्यातली हवा सोडायची आणि नळी बाहेर. खोकला येतो, बीपी-नाडी वाढते. पण उलटी वर आली तरी ती फुप्फुसात जाऊ न देण्याची ताकद परत आलेली असते.

गाढ भुलेत काढताना पेशंट स्वतःचा श्वास नियमित घेत असतो, पण घशात सक्शन फिरवलं, फुगा सोडला तरी हूं की चूं करत नाही. खोकला नाही, टाक्यांवर ताण नाही. दमेकरी, डोळ्याचं ऑपरेशन, काही लहान मुलं, अशांना याचा फायदा होतो. किंमत अशी, की नळी गेली तरी पेशंट बेशुद्धच असतो. जीभ मागे पडू शकते आणि फुप्फुसाच्या वाटेवर पहारा नसतो. त्यामुळे पोट भरलेलं, शरीर फार जाड, घोरताना श्वास अडकतो किंवा नळी घालतानाच नाकी नऊ आले होते, यातलं काहीही असेल तर हा मार्ग बंद. आपल्या मराठवाड्यात यात गुटखा घाला. गुटख्यानं गाल आतून ताठरलेला, दोन बोटं जातील एवढंही तोंड न उघडणारा तिशीतला पोरगा टेबलावर असेल, तर तो पूर्ण जागा होईपर्यंत मी नळीला हात लावत नाही. परत घालायची वेळ आली तर घालणार कुठून?

खरी भीती या दोन्हींच्या मधल्या अवस्थेची. ईथरनं भूल देण्याच्या काळात भूलतज्ज्ञ गेडेल यांनी भुलेचे टप्पे मांडले, त्यातला दुसरा तो हाच. पेशंट श्वास रोखतो, दात आवळतो, नजर भरकटते, पण हाकेला ओ देत नाही. या वेळी नळी ओढली तर स्वरयंत्र घट्ट मिटून बसू शकतं. मग जबडा पुढे ओढून, मास्क घट्ट दाबून ऑक्सिजन द्यायचा, प्रोपोफॉल हे भुलेचं औषध द्यायचं, आणि तरीही सुटलं नाही तर स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलिन. कापसावर फवारणी करून आलेल्या माणसात या शेवटच्या औषधाचा असर लांबू शकतो, कारण ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशक ते औषध मोडणारं एन्झाइमच निकामी करतं. म्हणून ऑपरेशनआधी 'फवारलं होतं का?' हे विचारायचंच. याच अवस्थेत पेशंट नळी चावून जोरात श्वास ओढू लागला तर फुप्फुसात पाणी भरू शकतं, म्हणून दाढांमध्ये गॉजची गुंडाळी आधीच ठेवलेली बरी.

जागेपणी काढली म्हणजे खोकला व्हायलाच पाहिजे असंही नाही. शिरेतून लिग्नोकेन (किलोमागे 1 ते 1.5 मिलिग्रॅम) किंवा हळूहळू दिलेलं डेक्समेडेटोमिडीन खोकला बराच दाबतं. थायरॉइडच्या ऑपरेशनानंतर मला हेच जास्त पटतं.

गाढ भुलेत काढायला हाताच्या कसबापेक्षा नंतर पेशंटजवळ बसणारा माणूस जास्त लागतो. संभाजीनगरच्या घाटीत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, त्यासाठी निवासी डॉक्टर असतात. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञाला पुढच्या केसचा फोन आलेला असतो आणि रिकव्हरी म्हणजे वॉर्डातली एक कॉट, जवळ एकच सिस्टर. तिथं मी नळी जागेपणीच काढतो, दारातून कोणी 'किती खोकतोय बघा' म्हणालं तरी.