लिन सॉन्डेक एलपी-१२

स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या लिन प्रॉडक्ट्स या कंपनीचे, बेल्टवर चालणारे टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र. १९७३ पासून त्याचे उत्पादन चालू आहे. घरच्या ध्वनिसंचातला एकेक भाग बदलत आवाज सुधारत नेण्याची पद्धत शौकिनांमध्ये मुळे धरू लागली, त्यात या यंत्राचा वाटा फार मोठा. म्हणून या नोंदीत यंत्राच्या वर्णनाइतकाच त्या पद्धतीचाही विचार केला आहे.

कंपनीचे संस्थापक आयव्हर टीफेनब्रून. त्यांच्या वडिलांचा कॅसल प्रिसिजन हा अचूक यंत्रभाग घडवणारा कारखाना होता आणि एलपी-१२ चे बेअरिंग (थाळीचा आस ज्यात फिरतो तो भाग) तिथल्याच कौशल्यातून आले. रचना मात्र सर्वस्वी नवी नव्हती. मोटर एका बाजूला, रेकॉर्ड फिरवणारी थाळी आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) दुसऱ्या बाजूला, आणि ही दुसरी बाजू तीन स्प्रिंगांवर तरंगती, ही मांडणी अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९६१ मध्ये आणली होती. एरिस्टन आरडी-११ हे एलपी-१२ च्या आधीचे यंत्र तर दिसायलाही जवळपास तसेच होते, आणि त्यावरून वादही झाला. लिनचे वेगळेपण एका आग्रहात होते. आवाजाचा दर्जा स्पीकर ठरवतो असे तेव्हा सर्रास मानले जाई. टीफेनब्रून यांनी ते उलटे केले: सुई रेकॉर्डच्या खाचेतून जे उचलत नाही, ते पुढचा कोणताही अँप्लिफायर किंवा स्पीकर परत आणू शकत नाही. त्यामुळे पैसे आधी टर्नटेबलवर, मग टोनआर्मवर, मग कार्ट्रिजवर (सुईची हालचाल विजेत बदलणाऱ्या भागावर) आणि उरले तर पुढे घालावेत, असा क्रम लिनने लावून दिला.

या आग्रहामागे ठोस कारण आहे. खाचेतली सर्वांत बारीक नागमोड एका मायक्रॉनहूनही कमी असते. मूव्हिंग कॉइल, म्हणजे सुईबरोबर तारेचे वेटोळे हलणाऱ्या, कार्ट्रिजमधून निघणारा विद्युतदाब साधारण ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट. त्यात फोनो स्टेजला (हा क्षीण दाब वाढवणाऱ्या सर्किटला) १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्रानुसार, म्हणजे रेकॉर्ड कापताना ठरीव प्रमाणात खर्ज दाबलेला आणि तार स्वर उचललेले असतात त्याची भरपाई म्हणून, खर्ज उचलावा आणि तार स्वर दाबावे लागतात, आणि २० हर्ट्झ व २० किलोहर्ट्झ यांच्यातला हा फरक सुमारे ४० डेसिबल, म्हणजे शंभर पटींचा होतो. मोटरची थरथर खर्जातच असल्याने तीही संगीताबरोबर मोठी होते.

सुधारणांचा इतिहास याच कारणांच्या मागे गेला आहे. पहिल्या यंत्रांत सिंक्रोनस (विजेच्या वारंवारतेनुसार वेग धरणाऱ्या) मोटरला घरातला वीजपुरवठा जवळजवळ थेट मिळे. १९८२ मध्ये क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे व्हलहल्ला हे सर्किट आले, १९९० मध्ये वेगळ्या पेटीतला लिंगो पुरवठा, आणि २००९ मध्ये रॅडिकल. रॅडिकलबरोबर मोटरच डीसी जातीची झाली. बेअरिंग १९९३ मध्ये सर्कस आणि २०२० मध्ये करूसेल या नावांनी बदलले. २००७ च्या कीलमध्ये आधी पत्र्याची असलेली आतली चौकट, टोनआर्म बसवायची पाटी आणि टोनआर्म धरणारे कडे हे तिन्ही ॲल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढले गेले. टोनआर्म इट्टॉकवरून १९८७ च्या एकॉसवर गेला. यांतले जवळजवळ सारे भाग जुन्या यंत्रात बसतात, आणि उतरवलेले भाग दुसऱ्या कुणाच्या यंत्रात जातात. या सोयीनेच एलपी-१२ ला इतके आयुष्य दिले, असे म्हणायला हरकत नाही. पन्नाशीनिमित्त २०२३ मध्ये ॲपलचे माजी डिझाइनप्रमुख जॉनी आयव्ह यांच्या सहभागाने निघालेल्या आवृत्तीचे फक्त २५० नग काढले. तो मात्र संग्राहकांचा विषय.

वीजपुरवठ्याच्या सुधारणेचा भारतीय घरांशी थेट संबंध आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. तिकडून परतताना आणलेले, विजेच्या वारंवारतेवर फिरणारे जुने टर्नटेबल केवळ ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालवले, तर ते ३३⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे २७.८ फेरे घेते. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज खालच्या काळी पाचच्या आसपास उतरतो आणि ख्यालाची लयही मंदावते. पुली बदलणे हा साधा उपाय. मोटरला स्वतःची वारंवारता पुरवणारे सर्किट हा दुसरा. वेगातली बारीक चढउतारही अखंड चालणाऱ्या तानपुऱ्यावर आणि लांबवलेल्या स्वरावर सर्वांत आधी कळते. यंत्र पारखायला हिंदुस्थानी संगीताची रेकॉर्ड उत्तम. फक्त एक ध्यानात ठेवावे: रेकॉर्डचे भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेले असेल, तर १०० मिलिमीटर त्रिज्येवर स्वर दर फेऱ्याला अर्धा टक्का वर-खाली होतो. त्यावर कोणतेही महागडे बेअरिंग चालत नाही.

टोनआर्म आणि कार्ट्रिज यांची निवड वेगवेगळी करता येत नाही. टोनआर्मचे परिणामी वस्तुमान (सुईला जाणवणारा त्याचा भार), कार्ट्रिजचे वजन आणि सुईच्या दांडीची लवचिकता मिळून एक कंपनसंख्या ठरते, आणि ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये पडावी लागते. ११ ग्रॅमचा टोनआर्म, स्क्रूंसह ८ ग्रॅमचे कार्ट्रिज आणि १२ एककांची (मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटन) लवचिकता असेल, तर ती साडेदहाच्या जवळ येते, सारे ठीक. लवचिकता ३५ असेल तर ती सहापर्यंत घसरते आणि रेकॉर्डच्या वाकडेपणाने सुई डोलू लागते. तिथे कार्ट्रिज दुप्पट किमतीचे असले तरी ते त्या टोनआर्मसाठी चुकीचेच. सुईचा आकारही असाच महत्त्वाचा. १२ इंची रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर धावते, शेवटच्या गाण्याला जेमतेम २१. तेवढ्यात तीच तार सप्तकातली नागमोड दाटीने बसते, आणि गोल टोकाची सुई तिथे थकते. बारीक धारेची सुई ती वाचते, पण तिला जुळणीतली चूक खपत नाही.

लिनचा क्रम टोकाला नेला गेला, असा आक्षेप जुना आहे आणि तो रास्त आहे. खोली आणि स्पीकर यांच्यामुळे होणारे दोष मापनात टर्नटेबलच्या दोषांहून कितीतरी मोठे दिसतात. थाळी थेट मोटरवर बसवणारे टेक्निक्सचे एसपी-१० हे १९७० चे यंत्र वेगाच्या स्थिरतेत एलपी-१२ च्या पुढे होते, तरी ब्रिटिश समीक्षकांनी वर्षानुवर्षे झुकते माप एलपी-१२ लाच दिले. तत्त्व मात्र यामुळे खोटे ठरत नाही. क्रम पाळताना प्रत्येक दुव्यात खरोखर काय बिघडते आहे हे आधी पाहावे, एवढाच त्याचा अर्थ.

पहिली पायरी म्हणून नवा भाग विकत घ्यायची गरज बहुधा नसते. तिन्ही स्प्रिंगा अशा लावाव्या लागतात की थाळी दाबून सोडली की सरळ वर-खाली हलावी, तिरकी डगमगू नये. टोनआर्मची केबल ताठ राहिली तरी हे बिघडते. म्हणून हे काम विशेष स्टँडवर, जाणत्याच्या हातून होते. एखाद्या दुर्लक्षित यंत्रावर या जुळणीने पडणारा फरक नव्या कार्ट्रिजपेक्षा जास्त असू शकतो.

एलपी-१२ वर ३३⅓ आणि ४५ हेच वेग मिळतात. जुन्या नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या त्यावर वाजत नाहीत. त्यांची खाच रुंद असल्याने सुमारे ७० मायक्रॉन टोकाची सुई लागते, आणि आरआयएए वक्रही त्यांना लागू पडत नाही. अशा संग्रहासाठी वेगळे टर्नटेबल आणि वक्र बदलता येणारा फोनो स्टेज ठेवावा लागतो.