फरसबीच्या जुडीतले रसायन

जर्मनीत घरी पाहुणे जेवायला यायचे असले आणि मुख्य पदार्थ म्हणून मेंढीचे किंवा गाईचे मांस भाजले जात असले, की त्याच्या जोडीला पुष्कळदा 'श्पेकबोनेन' वाढतात. फरसबीच्या आठ-दहा कोवळ्या शेंगा एकत्र धरायच्या, त्यांच्याभोवती बेकनचा, म्हणजे मिठात मुरवून धुरी दिलेल्या डुकराच्या पोटाकडील मांसाचा, पातळ काप गुंडाळायचा आणि ती जुडी तव्यावर परतायची, एवढीच त्याची कृती. मात्र कच्च्या शेंगा गुंडाळून थेट तव्यावर टाकल्या, तर बेकन लालसर होते तोवर आतल्या शेंगा कच्च्याच राहतात, आणि शेंगा शिजण्याची वाट पाहावी तर बेकन करपते. शेंगेला हवे असते भरपूर पाणी आणि १०० अंश सेल्सिअस. बेकनला हवा असतो कोरडेपणा आणि त्याहून चाळीसेक अंश अधिक उष्णता. म्हणून शेंगा आधी वेगळ्या शिजवणे आणि मग दोघांना एकत्र आणणे भाग पडते.

शेंग आधी उकळण्यामागे चवीपेक्षा मोठे कारण आहे. फरसबी आणि राजमा ही एकाच वनस्पतीची, फॅसिओलस व्हल्गॅरिसची, दोन रूपे होत: शेंग कोवळी खुडली तर फरसबी, पिकून वाळू दिली तर तिच्यातले दाणे म्हणजे राजमा. दोन्हींत फॅसिन नावाचे एक लेक्टिन प्रथिन असते, राजम्यात फार अधिक, शेंगेत कमी. ते आतड्याच्या अस्तरातील पेशींवरच्या शर्करेच्या साखळ्यांना चिकटते आणि खाल्ल्यानंतर काही तासांत मळमळ, उलट्या व जुलाब सुरू होऊ शकतात. उकळत्या पाण्यात फॅसिनची घडी मोडते आणि ते निरुपद्रवी होते. पण मंद आचेवर, उकळीच्या बऱ्याच खाली, कितीही वेळ ठेवले तरी त्याची खात्री देता येत नाही. म्हणूनच शेंगा दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून काढा, असे सांगणाऱ्या पाककृती मला पटत नाहीत. त्या केवळ रंगाचा विचार करतात. शेंगा सुमारे दहा मिनिटे खळखळत्या पाण्यात राहिल्या पाहिजेत.

रंगाचा प्रश्न त्यामुळे अवघड होतो, हे खरे. उकळत्या पाण्यात पडताच शेंग क्षणभर अधिकच हिरवी दिसते, कारण पेशींच्या मधली हवा निघून जाते आणि आतला रंग थेट डोळ्यांपर्यंत पोहोचतो. पुढे पेशींची आवरणे फुटतात, त्यांच्यात साठलेली आम्ले हरितद्रव्यापर्यंत जातात आणि त्याच्या रेणूच्या मध्यभागी बसलेला मॅग्नेशियमचा अणू हुसकून त्याच्या जागी हायड्रोजन बसवतात. शेंग मळकट, शेवाळी दिसू लागते. हरितद्रव्यात मॅग्नेशियम हा मूळ घटकच आहे, ही गोष्ट जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिशार्ड विलश्टेटर यांनी दाखवून दिली आणि वनस्पतींतील रंगद्रव्यांवरील संशोधनासाठी त्यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यू असलेल्या या शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये विद्यापीठातील ज्यूद्वेषाच्या निषेधार्थ म्युनिकमधील प्राध्यापकपद सोडले आणि १९३९ मध्ये त्यांना देशही सोडावा लागला, हे या हिरव्या रंगाविषयी लिहिताना विसरता येत नाही.

आम्लाचा परिणाम कमी करायचा तर पाणी भरपूर घ्यावे, म्हणजे आम्ले विरळ होतात आणि शेंगा टाकल्यावर उकळी लवकर परत येते. झाकण मात्र ठेवू नये, म्हणजे वाफेबरोबर उडणारी आम्ले निघून जातात. आपल्याकडे अशा वेळी चिमूटभर सोडा घालण्याची सवय आहे. त्याने रंग टिकतो, पण सोड्याच्या पाण्यात शेंगेच्या पेशीभित्ती विरघळू लागतात, शेंग गिळगिळीत होते आणि अशा शेंगांची जुडी बांधताच येत नाही. उलट म्युनिकसारख्या शहराच्या जड, म्हणजे साबणाचा फेस न होणाऱ्या, पाण्यातले कॅल्शियम पेशीभित्तीतील पेक्टिनचे धागे एकमेकांशी बांधते आणि शेंग टणक ठेवते. दहा मिनिटांनंतर शेंगा बर्फाच्या पाण्यात टाकल्या की शिजणे तिथेच थांबते. रंग किंचित उतरलेला असतो, तेवढा पत्करावा.

यानंतरची पायरी सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे: शेंगा कोरड्या करणे. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ ज्यूल लागतात, पण उकळीला आलेल्या त्याच एका ग्रॅमची वाफ करायला सुमारे २,२६० ज्यूल खर्च होतात. शेंगांना मिळून वीस ग्रॅम पाणी चिकटलेले राहिले, तर ते उडवण्यातच सुमारे ४५ किलोज्यूल जातात, म्हणजे तव्याला एक किलोवॉट उष्णता मिळत असेल तर पाऊण मिनिट. वेळ फार नाही. पण हे पाणी जुडीच्या पोटात अडकलेले असल्यामुळे त्याची वाफ बेकनला आतून ओले ठेवते आणि ओलावा आहे तोवर बेकनचे तापमान १०० अंशांच्या आसपासच अडून राहते. बेकनला तांबूस रंग आणि खमंग वास देणाऱ्या मेयार अभिक्रियेला वेग येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणून शेंगा स्वच्छ सुती पंचावर पसरून, दुसऱ्या पंचाने टिपून, काही वेळ तशाच राहू द्याव्यात.

काप गुंडाळताना त्याचे टोक खाली येईल अशी जुडी तव्यावर ठेवतात. मिठामुळे मांसातले मायोसिन हे प्रथिन पृष्ठभागावर येऊन चिकट झालेले असते आणि उष्णता लागताच ते गोठते; त्यामुळे सांधा पहिल्या मिनिटातच जुळतो आणि दोरा किंवा काडी लागत नाही. आच मध्यम असावी. आधी चरबी वितळून तव्यात उतरते, बुडबुडे मोठे आणि आवाज जोराचा असतो. मग बेकनमधले पाणी संपत आले की तडतड बारीक होत जाते. आवाज असा मंदावला की जुडी उलटण्याची वेळ झाली, हे न पाहताही कळते.

शिजल्यावरही बेकन गुलाबी का राहते, याचा शोध असाच टप्प्याटप्प्याने लागला. मांस मुरवण्यासाठी केवळ सोरा (पोटॅशियम नायट्रेट) घातलेल्या खाऱ्या पाण्यात पुढे नायट्राइट सापडते, ही गोष्ट जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड पोलेन्स्के यांनी १८९१ मध्ये नोंदवली; सोऱ्यातील नायट्रेटचे हे रूपांतर जिवाणू घडवून आणतात. नायट्राइटपासून तयार होणारे नायट्रिक ऑक्साइड रक्ताच्या लाल रंगद्रव्याला चिकटून त्याचा रंग पक्का करते, हे १९०१ मध्ये ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी स्पष्ट केले. पुढे भारताचे नागरिकत्व घेऊन भुवनेश्वरला राहिलेले जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचे पुत्र. नायट्राइट बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला रोखते, हा त्याचा मोठा उपकार. पण कडक आचेवर बेकन करपू लागले की त्यापासून नायट्रोसअमाइन ही कर्करोगकारक संयुगे तयार होतात. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले आणि रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा अंदाज दिला. सणासमारंभाला एक-दोन जुड्या खाणे ही त्याहून फार वेगळी गोष्ट आहे, तरी बेकन तांबूस झाले की थांबावे, काळे होऊ देऊ नये आणि तव्यात उरलेली चरबी पुन्हा वापरू नये.

जर्मन स्वयंपाकघरात या शेंगांबरोबर 'बोननक्राउट' नावाची पाने असतात. नावाचा अर्थच 'शेंगांची वनस्पती' असा आहे. तिच्या वासातला मुख्य घटक कार्व्हाक्रोल. ओव्याला त्याचा वास देणाऱ्या थायमॉलमध्ये अगदी तेवढेच आणि तेच अणू असतात, फक्त एका गटाची जागा बदललेली असते. दोन्ही संयुगे पाण्यापेक्षा चरबीत सहज विरघळतात, म्हणून पाने उकळत्या पाण्यात घालण्यापेक्षा शेवटच्या मिनिटाला तव्यातल्या चरबीत टाकली तर वास अधिक चांगला उतरतो. ती पाने न मिळाल्यास चिमूटभर भरडलेला ओवा चालतो. वेगळे मीठ घालण्याची गरज नसते, कारण बेकनमध्ये ते पुरेसे असते.

पाहुणे येणार त्या दिवशी सकाळीच शेंगा उकळून, वाळवून, गुंडाळून झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवता येतात. मंडळी टेबलाशी बसू लागली की परतायला आठ-दहा मिनिटे पुरतात. जे डुकराचे किंवा कोणतेच मांस खात नाहीत, त्यांच्या शेंगा लीक या कांद्याच्या जातीच्या भाजीच्या, उकळत्या पाण्यात मऊ केलेल्या लांब पातीने बांधाव्यात आणि वेगळ्या तव्यात लोण्यावर परताव्यात. या जुड्या बेकनच्या जुड्यांआधी परतून वेगळ्या ताटात काढून ठेवल्या, तर घाईच्या वेळी चिमटा किंवा उलथने एका तव्यातून दुसऱ्यात जाण्याचा प्रश्नच उरत नाही.