वनस्पतीजन्य कीडनियंत्रण (ठाणे परिसर)

झाडाचा पाला, बी, पेंड नाहीतर तेल वापरून पिकावरची कीड आटोक्यात ठेवणं म्हणजे वनस्पतीजन्य कीडनियंत्रण. ठाणे जिल्ह्यात शहापूर, मुरबाड, भिवंडीकडे भात निघालं की भेंडी, काकडी, कारली, वाल लावतात आणि अर्धा-एक एकरवाल्यांना याचा खरा उपयोग तिथेच होतो, कारण भेंडीचा तोडा एक दिवसाआड असतो, आज रासायनिक औषध मारलं तर तोडणीआधी डब्यावर लिहिलेले दिवस थांबायला लागतं, तोवर भेंडी जून होते, मग थांबणं जिवावर येतं आणि तोच माल वाशीच्या मार्केटला चढतो.

सगळ्यात भरवशाचा म्हणजे 5 टक्के निंबोळी अर्क. 5 किलो निंबोळी पावडर 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने पिळून गाळायची, 200 ग्रॅम साबण विरघळवून टाकायचा आणि एकूण पाणी 100 लिटर करायचं. 15 लिटरच्या पंपाला पाऊण किलो पावडर पुरते. साबण विसरू नका, त्याच्याशिवाय पाणी पानावरून घरंगळून जातं. निंबोळीतलं ॲझाडिरॅक्टिन किडीला जागच्या जागी मारत नाही, ते तिची भूक मारतं, अळीची कात नीट पडू देत नाही, मादीला अंडी घालू देत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली की लोक म्हणतात औषध फेल गेलं, तसं नसतं, 3-4 दिवसांनी नवीन पानं बघा. उन्हात ते लवकर निकामी होतं म्हणून फवारणी संध्याकाळीच, मधमाश्याही तेव्हा फुलांवर नसतात. अर्क त्याच दिवशी संपवायचा. याच कडुनिंबाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपात पेटंट दिलं होतं, ते भारतातून आणि युरोपातूनही झालेल्या विरोधामुळे 2000 साली रद्द झालं, 2005 ला अपीलही फेटाळलं.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. कडुनिंब घाटावर जास्त, कोकणच्या पावसात कमी, आणि निंबोळ्या पडायच्या वेळेलाच पाऊस सुरू होतो, ओल्या राहिल्या की बुरशी धरतात. गर काढून, धुऊन, सावलीत खडखडीत वाळवल्या तरच उपयोग. करंज मात्र इथे भरपूर, त्याचं तेल नि पेंडही चालते.

दशपर्णी अर्कात कडुनिंब, करंज, निरगुडी, सीताफळ, रुई, घाणेरी, एरंड, कण्हेर, पपई, गुळवेल यांचा पाला शेण-गोमूत्रात महिनाभर कुजवतात. बांधावर फुकट मिळतं हे खरं, पण झाडपाल्याचं आहे म्हणजे निर्धोक असं अजिबात धरू नये. कण्हेर हृदयाला घातक विष आहे, सीताफळाच्या बियांची पावडर डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते, तंबाखूच्या काढ्यातलं निकोटिन कातडीतूनही अंगात जातं. हातमोजे घाला, ड्रम पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

नेरुळ-खारघरच्या गच्चीवर जास्वंदीला पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड, मिलीबग) पडतो, तिथे लिटरला 5 मिली नीम ऑइल थोड्या साबणासोबत, आधी एका फांदीवर मारून बघावं, भर उन्हात मारलं तर पानं करपतात.

काहीही मारायच्या आधी पान उलटं करून बघा, तुडतुडे आणि पांढरी माशी खालच्या बाजूलाच बसतात, फवाराही तिकडूनच लागला पाहिजे. भेंडीला हळद्या म्हणजे यलो व्हेन मोझॅक एकदा आला, शिरा पिवळ्या पडल्या, की कुठलाच अर्क चालत नाही, तो व्हायरस आहे, पांढरी माशी पसरवते, ते रोप उपटून लांब नेऊन जाळायचं आणि बाकीच्या रोपांवर त्याच संध्याकाळी निंबोळी मारायची.