जॅझ आणि दृश्यकला

जॅझचे वादन समोर बसून ऐकताना चित्रकाराच्या हाती जे लागते, त्यातून घडलेली रेखाटने, चित्रे व कोलाज (कागदाचे तुकडे चिकटवून केलेली चित्रे) यांचा समावेश या विषयात होतो. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आलेल्या या संगीताचा प्राण म्हणजे वादकांनी जागच्या जागी केलेली उपज होय. अतीत-अनागत (समेच्या नंतर किंवा आधी येणारा आघात) जाणणाऱ्या तबलजीला मात्रेच्या अलीकडे-पलीकडे पडणारे त्यातील आघात फारसे परके वाटणार नाहीत.

वादनाला दृश्यरूप देणे मराठवाड्याला नवे नाही. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील सातव्या लेण्यात, सहाव्या शतकातील शिल्पपटात, मध्यभागी नर्तकी आणि तिच्याभोवती सहा वादक स्त्रिया कोरलेल्या आहेत. पुढे रागांना दृश्यरूप देणाऱ्या रागमाला चित्रांत मात्र चित्रकार बहुधा रागाच्या ध्यानश्लोकाला, म्हणजे रागाचे रूप वर्णन करणाऱ्या श्लोकाला, अनुसरत असे, त्या रात्रीच्या गाण्याला नव्हे. जॅझची वाट नेमकी येथे वेगळी होते.

डच चित्रकार पीट मोंद्रियान १९४० मध्ये न्यूयॉर्कला आला आणि बुगी-वुगी या जॅझशी नाते असलेल्या पियानोशैलीने भारावून गेला. या शैलीत डावा हात एकच ठेका अखंड धरून ठेवतो व उजवा त्यावर मोकळा खेळतो. ‘ब्रॉडवे बुगी-वुगी’ (१९४२–४३) या चित्रात त्याने अनेक वर्षे जपलेल्या काळ्या रेषा सोडून दिल्या. त्यांच्या जागी पिवळ्या पट्ट्या आल्या आणि पट्ट्यांवरील तांबड्या, निळ्या, करड्या चौकोनांवरून नजर ठेक्यासारखी उड्या घेत जाते. चित्रात वादक नाही, वाद्यही नाही. याउलट अमेरिकन चित्रकार रोमेअर बेअर्डनच्या कोलाजांत वादक स्वतःच येतात. फ्रेंच चित्रकार मातीसच्या ‘जॅझ’ (१९४७) या ग्रंथाने मात्र अनेकांची फसगत होते, कारण त्यातील बरीच चित्रे सर्कशीची आहेत.

मैफिलीत बसून रेखाटणारा कोळसा किंवा शाई-कुंचला वापरतो, खोडरबर बाजूला ठेवतो आणि कागदापेक्षा वादकाकडे अधिक पाहतो. ध्वनिमुद्रण पुन्हा लावता येते, वादकाची हालचाल मात्र परत येत नाही. तुळजापूरला गोंधळात संबळ रेखाटू पाहणाऱ्यासमोर हीच अडचण उभी राहते: संबळ वाजवणारी काडी कागदावर रेखाटली जाईपर्यंत ती पुढच्या आघातावर गेलेली असते, म्हणून काडी सोडून मनगटाचा झोक आणि खांद्याचा कल तेवढा धरावा लागतो.