घाटाचा चढ आणि बंदराची भरभराट

बेळगावच्या भाजी मार्केटमधून कोबी, फ्लॉवर आणि मिरची भरून निघालेला टेम्पो चोर्ला घाट उतरून गोव्यात जातो. वाटेतल्या याच डोंगराने गोवा आणि कारवारच्या किनाऱ्याची आर्थिक वाटचाल बऱ्याच अंशी ठरवली आहे. बंदर कितीही खोल व सुरक्षित असले, तरी त्याला माल पुरवणारा आणि त्याच्याकडून माल उचलणारा पृष्ठप्रदेश सहज गाठता येत नसेल, तर ते वाढत नाही.

कारवारचेच पाहा. डोंगर आणि बेटांच्या आडोशामुळे तिथला उपसागर जहाजांना सोयीचा होता. अमेरिकेतील यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा धारवाडकडचा कापूस इथून पाठवता यावा, या विचाराने 1862 मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आणला गेला. रेल्वे मात्र आली नाही. ती 1880 च्या दशकात पोर्तुगीजांच्या मुरगावला मिळाली आणि घाटावरचा व्यापार तिकडे वळला.

लोंढ्याहून मुरगावकडे जाताना कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यात कमाल चढ 37 मीटरमागे 1 मीटर आहे. डोळ्यांना तो किरकोळ वाटतो. पण सपाट रुळावर एक टन वजन ओढायला जिथे दोन-तीन किलोइतका जोर पुरतो, तिथे या चढावर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध आणखी 27 किलोचा जोर लागतो. म्हणूनच वर येणाऱ्या गाड्यांना कुळ्याला जादा इंजिने जोडतात. उतरताना ओढण्याचा प्रश्न नसतो, ब्रेकचा असतो. बळ्ळारीकडचे लोहखनिज या घाटातून खाली जात असे. आता तिथल्या पोलाद कारखान्यांसाठी आयात केलेला कोळसा वर चढतो, म्हणजे भरलेल्या गाडीच्या वाट्याला नेमकी अवघड दिशा आली आहे.

कारवारला 1990 च्या दशकात कोकण रेल्वे मिळाली खरी, परंतु ती किनाऱ्याला समांतर धावते, घाट चढत नाही. चढणारा हुबळी-अंकोला मार्ग जंगलाच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे अडला आहे. त्याला होणारा विरोध म्हणजे निव्वळ आडमुठेपणा, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते मला पटत नाही, कारण घाटातली हीच झाडी पावसाचे पाणी मुरवून नद्यांना पुरवते आणि कारवारजवळचा कैगा अणुवीज प्रकल्प काळी नदीवरील कद्रा जलाशयाच्याच पाण्यावर चालतो.