पहिल्यांदा पडलात? गाडी दुरुस्तीला टाकण्याआधी हे वाचा

हातात नवं लायसन्स, दारात नवी दुचाकी आणि दोन-तीन महिन्यांत पहिली आपटी. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गॅरेजात अशी गाडी आली की मुलगा हळूच म्हणतो, "काका, घरी कळायच्या आत नीट करून द्या." गाडी आम्ही नीट करूच. पण ओरखडे बुजवण्याआधी पाच मिनिटं बसा आणि पडलात कसे ते सांगा, हा आमचा आग्रह. कारण समजलं नाही तर तोच मुलगा तसाच पुन्हा पडतो, हे आम्ही पाहिलंय.

गाडी काय सांगते

गेल्या पावसाळ्यात एक गाडी आली. उजवा ग्रिप टोकाला झिजलेला, ब्रेक लिव्हरचा गोळा तुटलेला, फूटरेस्ट वाकलेला, सायलेन्सरवर एकाच दिशेनं गेलेले ओरखडे. पुढचं रिम, मडगार्ड मात्र शाबूत. "रिक्षा आडवी आली," मुलगा सांगत होता. आली असेल, पण गाडी तिला लागलीच नव्हती. उजवीकडे वळताना, गाडी झुकलेली असताना, त्यानं घाबरून पुढचा ब्रेक करकचून आवळला. चाक जाम झालं, रेतीवरून सरकलं आणि गाडी त्याच अंगावर आडवी झाली. हे सांगितल्यावर तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "हो, आवळला होता."

नवशिक्यांचं पडणं बरेचदा असंच असतं. मीही एकोणिसाव्या वर्षी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ असाच पडलो. तळहाताची साल गेली, आठवडाभर पोळीचा तुकडा मोडता येत नव्हता. पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून हेल्मेटबरोबर हातमोजेही घ्याच.

ब्रेक लिंबू पिळतो तसा दाबायचा, आधी हलका, मग वाढवत, पुढचा-मागचा दोन्ही मिळून. आणि वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. पुढचा ब्रेक वापरूच नका असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. गाडी थांबवण्याचं मोठं काम तोच करतो. ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेककडे हात जाईपर्यंत तेवढं अंतर गेलेलंच असतं. आणि नजर रिक्षावर नाही, तिच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर ठेवा. जिकडे बघाल तिकडेच गाडी जाते.

आपल्या इंदूरचे रस्ते रात्री झाडले-धुतले जातात, त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण पहाटे क्लासला निघालात तर ओल्या चौकातले रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं निसरडी असतात. तिथे ब्रेकही नको, झुकणंही नको. पावसाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हाही तेच.

पडल्यावर लगेच

उठून गाडी उचलायची घाई करू नका. अंगात धडधड असते तोवर दुखणं कळत नाही. बाजूला बसा, पाणी प्या, घरच्यांना फोन करा. डोक्याला मार बसला असेल आणि उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा तेच तेच विचारणं सुरू झालं, तर १०८ ला फोन करून थेट दवाखान्यात. भले काही तासांनी सुरू होवो. कुणी बेशुद्ध असेल आणि श्वास नीट चालू असेल, तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका.

गाडी चालवत घरी नेऊ नका. चाक सरळ धरल्यावर हँडल तिरकं दिसतंय? म्हणजे फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) पिळला असेल किंवा टी (त्या नळ्यांना हँडलशी जोडणारा भाग) वाकली असेल. पेट्रोल-ऑईल गळतंय का, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागे येतो का, एवढं बघा आणि आम्हाला बोलवा. कोनसेट (हँडल वळतं ते बेअरिंग), फोर्क, रिम, डिस्क आम्ही तपासतो. तपासणीचे पैसे नाहीत.

विमा

नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळे घरचे म्हणतात, "पाच वर्षं काळजी नाही." पण तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा, तो कधी संपतो ते पॉलिसीवर बघा. क्लेम करायचा असेल तर आधी फोटो काढा, कंपनीला कळवा. कंपनीच्या सर्व्हेअरनं (नुकसान तपासणाऱ्या माणसानं) बघेपर्यंत आम्ही एक बोल्टही खोलणार नाही.

हेल्मेट

आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला. आतला थर्माकोलसारखा थर दबून धक्का पचवतो, आणि एकदा दबला की परत फुगत नाही. नवं घेताना आयएसआय खूण बघा; जून २०२१ पासून त्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही. पट्टा बांधलेला नसेल तर पडताना ते डोक्यावर राहतच नाही.

दुरुस्त गाडी न्यायला जमलं तर रविवारी सकाळी साडेसहाला या. दसरा मैदानाच्या मोकळ्या बाजूला जाऊन ताशी २० वर दहा वेळा ब्रेक मारू, मग ३० वर. आई-बाबांनाही आणा, त्यांच्याशी आम्ही बोलतो.