किड्याच्या नजरेला नजर देताना

प्रार्थना कीटकाचा फोटो काढायला जवळ गेलं की तो आपल्यावरच डोळा ठेवून आहे असं वाटतं. हिरव्या डोळ्यात एक काळा ठिपका असतो. आपण डावीकडे सरकलो की तोही सरकतो, कॅमेरा वर नेला की तोही वर. खरं तर त्या डोळ्यात बाहुली नसतेच. तिथे असतात हजारो बारीक नेत्रिका, प्रत्येकीचं तोंड जराशा वेगळ्या दिशेला. ज्या नेमक्या आपल्याकडे रोखलेल्या असतात त्या आपल्या बाजूने आलेला उजेड गिळून टाकतात, म्हणून काळ्या दिसतात. बाकीच्यांवरून तो परततो आणि त्या हिरव्या राहतात. म्हणजे पाळतीची शंका अगदीच खोटी नाही. ज्या नेत्रिका काळ्या दिसतात, त्याच आपल्याला पाहत असतात.

असा डोळा बारकावे टिपण्यात आपल्या फार मागे, पण हालचाल पकडण्यात पुढे. सेकंदाला साधारण ६० वेळा लुकलुकणारा दिवा आपल्याला सलग पेटलेला दिसतो. काही माश्यांना २०० च्या वर गेलं तरी लुकलुक कळते. त्यामुळे आपण ‘हळूच’ पुढे केलेला हात माशीच्या हिशेबात मुळीच हळू नसतो. कॅमेरा लांब असतानाच डोळ्याला लावावा, कोपरं अंगाशी धरावीत आणि मुंगीच्या पावलांनी सरळ पुढे जावं. आपली सावली तिच्यावर पडली की खेळ संपला. महागड्या लेन्सपेक्षा गुडघ्यांची सहनशक्ती जास्त कामाला येते, असं माझं मत झालं आहे.

भल्या पहाटे मात्र हीच मंडळी हाताच्या अंतरावर येऊ देतात. ते धीट झालेले नसतात, गारठलेले असतात. बहुतेक कीटकांच्या अंगाची ऊब बाहेरून येते आणि उडायचे स्नायू तापल्याशिवाय पंख उचलत नाहीत. गवताच्या पात्यावर दवाने चिंब झालेला चतुर ऊन येईपर्यंत तसाच बसून राहतो. मोठे पतंग उन्हाची वाट पाहत नाहीत. जागच्या जागी पंख थरथरवून स्नायू तापवतात. ती थरथर दिसली की फोटो उरकावा. आणि भर दुपारी काही चतुर नेमकं उलट करतात: शेपटीसारखं दिसणारं लांब पोट सूर्याच्या दिशेला उभं धरून चक्क शीर्षासनात बसतात. असं केलं की अंगावर कमी ऊन पडतं.

हा गारठा फ्रिजमध्ये आणणारेही आहेत. किडा थंड करायचा, फुलावर मांडायचा, फोटो काढायचा. पाय कसेतरी आखडलेले, पकड सुटलेली. जाणकाराला पाहताक्षणी कळतं. त्याला निरीक्षण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

किडा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटवायचा म्हटलं, तर फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एफ-८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मध्यम उघडं असताना, जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. डोळा आला तर मिशी गेली. छिद्र आणखी बारीक करत गेलं की विवर्तनामुळे, म्हणजे छिद्राच्या कडेशी उजेड पसरल्यामुळे, सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून किड्याची कूस कॅमेऱ्याला समांतर ठेवायची, फोकसची कडी न फिरवता आपणच श्वास रोखून केसभर मागेपुढे व्हायचं. उडत्या माशीचा प्रश्न वेगळा. घरमाशी सेकंदाला सुमारे २०० वेळा पंख मारते, तेव्हा १/१००० सेकंदातही पंख एका फेरीचा पाचवा हिस्सा पार करतो. कमी ताकदीवरचा फ्लॅश १/१०,००० सेकंदाहूनही लवकर विझतो, तिथे शटरपेक्षा तोच उपयोगी. वेगवान छायाचित्रणाचे एक प्रणेते ल्युसियाँ ब्यूल यांनी १९०४ मध्ये विजेच्या ठिणग्यांच्या उजेडात कीटकांचं उड्डाण टिपलं, ते याच तत्त्वावर.

बऱ्याच गोष्टी मात्र घरी पडद्यावर फोटो मोठा केल्यावरच दिसतात. एका टाचणीच्या, म्हणजे चतुराच्या सडपातळ भावंडाच्या, छातीखाली मला लाल मणी चिकटलेले दिसले. आधी वाटलं अंडी. निघाल्या पाणकोळ्यांच्या, म्हणजे पाण्यातल्या चिमुकल्या माइट्सच्या, अळ्या. टाचणी पाण्यातून बाहेर येऊन कात टाकते त्याच वेळी त्या तिला चिकटतात, तिच्या अंगातला रस पितात आणि ती पुन्हा पाण्यावर आली की सुटून खाली पडतात. समोर बसून वीस मिनिटं तिला न्याहाळलं होतं, तेव्हा एकही दिसली नव्हती.